ऑपरेशननंतरचा काळेपणा आणि आर्निकाच्या गोळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लास्टिक सर्जरी विभागाच्या ड्रेसिंग रूममध्ये मी बावीस वर्षं सिस्टर म्हणून काम करते आहे. नाकाचं ऑपरेशन, पापण्या, फेसलिफ्ट, लायपोसक्शन करून गेलेली माणसं टाके काढताना जे विचारतात आणि घरी गेल्यावर फोनवर जे लिहून पाठवतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. होमिओपॅथीच्या गोळ्यांचा प्रश्न दर आठवड्याला येतो. बरेच जण तो हळू आवाजात विचारतात, जणू काही चुकीचं विचारत आहेत. तसं काही नाही, मोकळेपणाने विचारा. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आर्निका म्हणजे नक्की काय? ऑपरेशनशी तिचा संबंध कसा आला?

आर्निका मोंटाना हे युरोपातल्या डोंगराळ कुरणांत वाढणारं पिवळ्या फुलांचं रोप आहे. सूर्यफूल, शेवंती, झेंडू यांच्याच कुळातलं. मुक्या मारावर त्याचा अर्क चोळायची तिकडे जुनी रीत आहे. जर्मनीत साम्युएल हानेमान यांनी १७९६ च्या सुमारास होमिओपॅथीची मांडणी सुरू केली आणि त्या पद्धतीत आर्निका हे ‘मार लागल्यावरचं औषध’ म्हणून रुजलं. आपल्याकडे पोर पडलं, गुडघा फुटला की कपाटातली बारीक गोळ्यांची बाटली निघते, ती बहुतेक आर्निकाचीच असते. ऑपरेशन हाही शरीराला लागलेला मारच, म्हणून लोक ती ऑपरेशननंतरही घेऊ लागले. बेलिस पेरेनिस, लेडम, हायपेरिकम, स्टॅफिसॅग्रिया ही नावंही चिठ्ठ्यांवर दिसतात. पण ऑपरेशननंतरच्या काळेपणावर तपासणी झाली आहे ती मुख्यतः आर्निकाची, म्हणून पुढची उत्तरं तिच्याभोवती आहेत.

२. ऑपरेशन नाकाचं झालं, मग डोळ्यांखाली काळं-निळं का पडलं? हे किती दिवस राहणार?

ऑपरेशनात बारीक रक्तवाहिन्या तुटतात आणि थोडं रक्त कातडीखाली झिरपून साकळतं. नाकाचं हाड जिथे हलवलं जातं, तिथून डोळ्यांखालची जागा अगदी जवळ आहे. शिवाय तिथली कातडी शरीरात सर्वांत पातळ, त्यामुळे थोडं रक्तसुद्धा ठळक दिसतं.

साकळलेल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं शरीर हळूहळू विघटन करतं आणि प्रत्येक टप्प्याचा रंग वेगळा असतो. आधी लालसर-जांभळा, मग बिलिव्हर्डिनचा हिरवट, मग बिलिरुबिनचा पिवळा. काविळीत डोळे पिवळे करतं तेच हे बिलिरुबिन. गव्हाळ आणि सावळ्या कातडीवर हिरवा-पिवळा टप्पा नीट दिसत नाही, म्हणून आपल्याकडची माणसं म्हणतात, ‘काळं होतं ते काळंच आहे.’ आत काम चालू असतं.

चेहऱ्यावरचा काळेपणा साधारण दहा ते चौदा दिवसांत उतरतो. पोट-मांड्यांवर तीन ते चार आठवडे लागू शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो आदल्या दिवसापेक्षा वाईट दिसतो. तेव्हा सगळे घाबरतात, आणि नेमकी तेव्हाच गोळ्यांची शोधाशोध सुरू होते. हे लक्षात ठेवा, प्रश्न ५ मध्ये लागेल.

३. ३०, २००, १एम, मदर टिंक्चर यांत फरक काय? जास्त आकडा म्हणजे जास्त जोर ना?

मदर टिंक्चर म्हणजे वनस्पतीचा मूळ अर्क, अल्कोहोलमधला. त्याचा एक भाग आणि अल्कोहोल-पाण्याचे ९९ भाग मिसळून जोरात हलवलं की १सी झालं. त्यातला एक भाग घेऊन पुन्हा ९९ मध्ये मिसळला की २सी. असं तीस वेळा केलं की ३०सी, आणि आपल्या दुकानांत नुसतं ‘३०’ म्हणतात ते हेच. तिथे मूळ अर्क एकावर साठ शून्यं इतक्या पटींनी विरळ झालेला असतो. १२सी च्या आसपासच मूळ वनस्पतीचा एखादा रेणू उरण्याची शक्यता संपत येते. २०० किंवा १एम (हजार वेळा विरळ) मध्ये तर तो प्रश्नच राहत नाही.

आकडा वाढतो तसं औषध ‘सूक्ष्म आणि प्रभावी’ होतं, असं होमिओपॅथीचं म्हणणं आहे. रसायनशास्त्राच्या हिशेबाने बाटलीत उरते ती साखर आणि औषध विरघळवायचं द्रव्य. या आकड्यालाच पोटन्सी म्हणतात. व्यवहारात महत्त्वाचं एवढंच की मदर टिंक्चर आणि १एक्स, ३एक्ससारख्या खालच्या पोटन्सीत (एक्स म्हणजे दर वेळी फक्त दहापट विरळ) मूळ वनस्पती खरोखर असते. त्यांचा विचार वेगळा करावा लागतो (प्रश्न ७ आणि १०).

४. मग सरळ सांगा, आर्निकाने काळेपणा कमी होतो का?

माझ्या वाचनात आणि अनुभवात, डोळ्यांना जाणवेल असा फरक पडत नाही. का म्हणते ते नीट सांगते, कारण ‘अभ्यास झालेत’ असं दोन्ही बाजू म्हणतात आणि दोन्ही खरं बोलतात.

२००३ साली इंग्लंडमध्ये मनगटाच्या ऑपरेशनच्या ६४ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना आर्निका ३०, काहींना ६, काहींना नुसत्या साखरेच्या गोळ्या दिल्या. कोणाला काय मिळालं हे रुग्णांना माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही नव्हतं. वेदना, सूज, काळेपणा, कशातच फरक निघाला नाही.

२००६ ची फेसलिफ्टची चाचणी आर्निकाच्या बाजूने सर्वांत जास्त सांगितली जाते. त्यात २९ रुग्ण होते. काळ्या भागाचं क्षेत्रफळ संगणकावर मोजलं, तर आर्निका घेतलेल्यांत पहिल्या आणि सातव्या दिवशी ते कमी भरलं. हे खरं आहे. पण त्याच चाचणीत रंगाच्या गडदपणात फरक नव्हता, आणि रुग्णांना किंवा तपासणाऱ्यांना नुसत्या नजरेने काहीही वेगळं वाटलं नाही. आरशात बघणाऱ्या माणसाला संगणकाचा आकडा काय उपयोगाचा?

२००७ साली नाकाच्या ऑपरेशनात आर्निका आणि स्टेरॉइड यांची तुलना झाली. सुरुवातीची सूज आर्निकाने थोडी कमी दिसली, काळेपणा मात्र नाही.

मला सर्वांत पटते ती २०१० ची पापण्यांची चाचणी. प्रत्येक रुग्णाची एक वरची पापणी आर्निका देऊन आणि दुसरी किमान महिनाभराच्या अंतराने नकली गोळ्या देऊन केली, कोणत्या वेळी काय हे रुग्णाला आणि तपासणाऱ्यालाही न सांगता. माणूस तोच, कातडी तीच, सर्जन तोच. काळेपणाच्या क्षेत्रफळात फरक निघाला नाही.

लहान चाचण्यांत अधूनमधून एखादा आकडा अनुकूल येतोच. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य आणि वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली होमिओपॅथीवरचा सगळा पुरावा चाळला आणि ती परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजारासाठी नाही, असा निष्कर्ष काढला.

५. पण माझ्या वहिनीचा काळेपणा आर्निकाने पाच दिवसांत गेला. ते खोटं का?

वहिनींचा अनुभव खरा आहे. काळेपणा पाच दिवसांत गेला असेलच. तो गोळ्यांनी गेला का, एवढाच प्रश्न आहे, आणि एका माणसावरून ते कळत नाही. त्यांचं नाक गोळ्यांशिवाय पाच दिवसांत बरं झालं असतं की दहा, हे तपासायला दुसरं नाक नव्हतं.

आमच्या खोलीत एकाच दिवशी, एकाच सर्जनने केलेली दोन नाकं आठव्या दिवशी शेजारी बसतात. एक स्वच्छ, एक अजून जांभळं. दोघांनी आर्निका घेतलेली नसते किंवा दोघांनी घेतलेली असते. हाड किती कापलं, रक्तदाब किती होता, वय, कातडीची जाडी, आदल्या आठवड्यात कोणत्या गोळ्या पोटात गेल्या, यावर खूप काही ठरतं. त्यात बरेच जण गोळ्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे काळेपणा टोकाला असताना सुरू करतात. तिथून पुढे तो उतरणारच असतो. श्रेय हातात असलेल्या बाटलीला जातं.

६. माझ्या सर्जननीच आर्निका लिहून दिली. मग कोणाचं ऐकायचं?

सर्जनचं ऐका आणि घ्या. बरेच सर्जन ती देतात, परदेशातही देतात. रुग्णाला आपण काहीतरी करतो आहोत असं वाटतं, वाढीव पोटन्सीत अपाय नाही, आणि ती घेणारा माणूस स्वतःच्या मनाने दुसरं काही रक्त पातळ करणारं घेत नाही. हे शेवटचं कारण मला एका सर्जननी सांगितलं होतं आणि ते मला पटतं.

७. घेतली तर नुकसान तर नाही ना?

३० किंवा २०० च्या गोळ्यांनी थेट नुकसान होत नाही. मधुमेह असेल तर चार बारीक गोळ्यांतल्या साखरेची चिंता नको.

मदर टिंक्चर मात्र पोटात घेऊ नका. मूळ आर्निकात हेलेनालिन नावाचं विषारी द्रव्य असतं. पोट बिघडतं, उलट्या होतात, मात्रा वाढली तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. ‘तीस थेंब अर्ध्या कप पाण्यात’ अशा सल्ल्याचे निरोप फिरत असतात, ते ऑपरेशन झालेल्या माणसाने पाळू नयेत.

खरा धोका वाट बघण्यात आहे. ‘गोळी घेतली आहे, उतरेल,’ म्हणून रात्र काढली आणि आत रक्त साठत राहिलं, असं मी पाहिलं आहे. त्यासाठी प्रश्न १५ सगळ्यांनी वाचा, गोळ्या घेत असाल किंवा नसाल.

८. सर्जनना सांगितलं तर ते रागावतील. सांगायलाच हवं का?

सांगा. रागावले तर पाच मिनिटं रागावतील. आर्निका ३० साठी तुमचं ऑपरेशन पुढे ढकललं जाणार नाही. पण ती लपवणारा माणूस तिच्यासोबतचं बाकीचंही लपवतो. विचारून विचारून शेवटी कळतं की सोबत फिश ऑइल, ई जीवनसत्त्व, लसणाच्या कॅप्सूल, जिन्कोच्या गोळ्या, ‘हृदयासाठी चांगला’ म्हणून अर्जुनाचा काढा आणि डोकं दुखलं की डिस्प्रिन असं सगळं चालू होतं. यांतल्या काही गोष्टी रक्त गोठण्याची क्रिया मंद करतात, काहींबद्दल खात्री नसते म्हणून सर्जन त्या थांबवतात.

ऑपरेशनपूर्व तपासणीला येताना घरातल्या सगळ्या बाटल्या, पट्ट्या, पुड्या एका पिशवीत भरून घेऊन या. यादी करू नका, यादीत माणूस विसरतो. पिशवी टेबलावर ओता, आम्ही एकेक बघतो.

९. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी चार गोळ्या चघळल्या तर चालेल?

भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही तोंडात टाकू नका. ते हो म्हणाले तर घ्या. अल्कोहोलमधले थेंब त्या दिवशी नकोतच.

१०. गोळ्या नकोत, पण आर्निकाचं जेल किंवा तेल लावलं तर?

जेलचा हिशेब वेगळा, कारण त्यात बहुधा खरा अर्क असतो. लेसरने मुद्दाम पाडलेल्या डागांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत २० टक्के आर्निकाचं मलम थोडं उपयोगी ठरलं, दुसऱ्या एका चाचणीत आर्निका जेलचा काहीच उपयोग दिसला नाही. बाजारातल्या नळ्यांवर अर्काचं प्रमाण बघा, बऱ्याचदा ते फार कमी असतं.

लावायचंच असेल तर अखंड कातडीवर, टाक्यांपासून लांब, आणि सर्जननी हो म्हटल्यावर. टाक्यांच्या रेषेवर, ओल्या जखमेवर, पापणीच्या कडेला अजिबात नाही.

आता एक खास आपल्याकडची गोष्ट. तुम्हाला गाजर गवताची अ‍ॅलर्जी आहे का? काँग्रेस गवत म्हणतात ते. १९५० च्या दशकात ते आपल्या देशात पहिल्यांदा पुण्यात नोंदवलं गेलं आणि तिथून सगळीकडे पसरलं. शेतात काम करणाऱ्या कित्येकांच्या मानेवर, पापण्यांवर, कोपरांच्या खळग्यांत त्याने खाजरी, जाड कातडी होते. आर्निका त्याच कुळातली आहे आणि त्रास देणारी द्रव्यंही एकाच जातीची. गाजर गवत, शेवंती किंवा झेंडूने ज्यांना पुरळ येतं, त्यांनी आर्निकाचं जेल, तेल, टिंक्चर लावू नये. कॅलेंड्युलाचं मलमही त्याच कुळाचं. नव्या टाक्यांभोवती असं पुरळ उठलं की ते अ‍ॅलर्जीचं की जंतुसंसर्गाचं, हे ओळखण्यात आमचा दिवस जातो आणि तुमची झोप.

११. आई म्हणते आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लाव. ते तर घरचंच आहे.

मुक्या मारावर आंबेहळद मीही लावते. ऑपरेशननंतर नको. सहाण, पाणी, लेप हे काहीच निर्जंतुक नसतं आणि टाक्याचं प्रत्येक छिद्र म्हणजे उघडं दार. वाळलेला लेप काढताना घासलं जातं ते वेगळंच. शिवाय हळदीच्या पिवळ्या रंगाखाली आम्हाला कातडीचा खरा रंग दिसत नाही. आईंना सांगा, टाके निघून जखम पूर्ण भरली की मग बघू. तोवर त्यांनी डोक्याखाली उशा नीट लावून द्याव्यात (प्रश्न १३).

१२. होमिओपॅथी घेताना अ‍ॅलोपॅथीच्या गोळ्या घेतल्या तर तिचा गुण जातो म्हणतात. पेनकिलर आणि अँटिबायोटिक बंद करू का?

नाही. दुखणं सहन केलं की रक्तदाब चढतो, रक्तदाब चढला की आत रक्त येतं आणि काळेपणा वाढतो. म्हणजे ज्यासाठी गोळ्या घेतल्या त्याच्याच उलट. लिहून दिलेलं औषध कोणाच्याही सांगण्यावरून बंद करायचं असेल तर आधी ऑपरेशन करणाऱ्यांना फोन करा. पेनकिलर मात्र लिहून दिलेलीच घ्या, घरातली कॉम्बिफ्लाम नको, तिच्यात आयबुप्रोफेन असतं. होमिओपॅथीच्या पथ्यासाठी कॉफी, कांदा, लसूण वर्ज्य करायचं असेल तर खुशाल करा.

१३. मग काळेपणा खरोखर कशाने कमी होतो?

बहुतेक काम आधीच करायचं असतं. प्रश्न ८ मधली पिशवी हा त्यातला मोठा भाग. अ‍ॅस्पिरिनने बिंबाणू (प्लेटलेट्स, रक्त गोठवायला मदत करणारे कण) एकदा निकामी झाले की ते सुधारत नाहीत, नवे तयार व्हावे लागतात, म्हणून सर्जन सात ते दहा दिवस आधी ती थांबवायला सांगतात (अपवाद प्रश्न १४). रक्तदाब आटोक्यात हवा. सिगारेट आणि तंबाखू बंद.

ऑपरेशननंतर चेहऱ्यासाठी डोकं उंच, दोन-तीन उशा, रात्रीसुद्धा. पहिले ४८ तास थंड शेक. फ्रोझन मटारची पिशवी मऊ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, मग तेवढाच आराम. ती डोळ्यांभोवती छान बसते. बर्फ थेट कातडीवर नको, आणि जिथे बधिरपणा आहे तिथे शेकूच नका, कारण कातडी भाजली तरी कळणार नाही. फेसलिफ्ट आणि पोटाच्या ऑपरेशननंतर असा बधिरपणा असतो. गरम शेक, वाफ, वाकून केर काढणं, बाळाला उचलणं, जोरात नाक शिंकरणं, हे सगळं पहिल्या आठवड्यात टाळा. लायपोसक्शननंतर गारमेंट, म्हणजे अंग दाबून धरणारा घट्ट पोशाख, सांगितलं तितके तास घाला. ते घामाने चिकटतं, उन्हाळ्यात जीव नको होतो, मला माहीत आहे. तरी घाला.

औषधांत, नाकाच्या ऑपरेशनात स्टेरॉइडने पहिल्या दोन दिवसांची सूज आणि काळेपणा थोडा उतरतो. रक्तस्राव कमी करायला ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिडही काही सर्जन वापरतात. दोन्ही तुमचे डॉक्टर ठरवतील. थ्रोम्बोफोब मनाने लावू नका. त्यात हेपारिन आहे, रक्त गोठू न देणारं.

१४. वडिलांना स्टेंट आहे, अ‍ॅस्पिरिन चालू आहे. पापण्यांच्या ऑपरेशनआधी ती बंद करून आर्निका दिली तर?

स्वतःच्या मनाने कधीच बंद करू नका. स्टेंटमध्ये गाठ झाली तर जीव जाऊ शकतो. पापणीचा काळेपणा चार आठवडे राहिला तरी चालेल. हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन बोलून ठरवतील, आणि कधी ऑपरेशन नको असंही ठरेल.

१५. काय दिसलं तर गोळीची वाट न बघता फोन करायचा?

रात्रीचे दोन वाजले असले तरी करा.

चेहऱ्याच्या किंवा छातीच्या एकाच बाजूची सूज तासातासाला वाढते आहे, कातडी ताणून टणक झाली आहे, आत ठणका आहे: हा साधा काळेपणा नाही, आत रक्त साठतं आहे. फेसलिफ्टमध्ये हे बहुतेक पहिल्या २४ तासांत होतं, पुरुषांत आणि रक्तदाब असलेल्यांत जास्त.

पापण्यांच्या ऑपरेशननंतर डोळा आतून दुखतो, बाहेर ढकलल्यासारखा वाटतो, नजर धूसर होते: डोळ्यामागे रक्त साठत असेल. इथे प्रश्न मिनिटांचा असतो, नाहीतर दृष्टी जाते. रिक्षा करा आणि वाटेतून फोन करा.

नाकाच्या ऑपरेशननंतर दोन्ही नाकपुड्या एकदम बंद, आत मऊ फुगवटा, वाढतं दुखणं: मधल्या पडद्यात रक्त साठलेलं असू शकतं.

लायपोसक्शन किंवा पोटाच्या ऑपरेशननंतर एकच पोटरी सुजली आणि दुखते, किंवा दम लागतो, छातीत दुखतं: थेट इमर्जन्सी विभाग गाठा. ताप, पू, वास, वाढती लाली यासाठी त्याच दिवशी दाखवा.

दोन्ही बाजूंनी सारखा, मऊ, न वाढणारा काळेपणा असेल तर सकाळपर्यंत थांबायला हरकत नाही.

१६. पोटाचं लायपोसक्शन झालं आणि आता काळेपणा मांड्यांवर आणि खाली जांघेत आला आहे. पसरतोय का?

पसरत नाही, खाली उतरतो आहे. साकळलेलं रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली सरकतं. फेसलिफ्टनंतर मानेवर आणि छातीवर येतं तसंच. पुरुषांत अंडकोषांची कातडी जांभळी झालेली बघून फार घाबरायला होतं आणि लाजेने कोणी सांगत नाही. सांगा. बहुतेक वेळा ते आपोआप उतरतं. ताण, वेदना, एकाच बाजूची सूज असेल तर प्रश्न १५.

१७. ऑपरेशन नाही, फक्त फिलर घेतलं. गालावर निळसर जाळी दिसते. आर्निका घेऊ?

घेऊ नका, आत्ता फोन करा. फिलर म्हणजे गाल-ओठ भरण्यासाठी कातडीखाली टोचलेलं जेल. साधा डाग एकसंध असतो. कातडी पांढरी पडून मग निळसर-जांभळी जाळी दिसत असेल आणि दुखत असेल, तर फिलर रक्तवाहिनीत जाऊन रक्तपुरवठा अडला असू शकतो. फिलर हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं असेल तर ते विरघळवणारं हायल्युरोनिडेजचं इंजेक्शन असतं. ते जितक्या लवकर मिळेल तितकी कातडी वाचते. ‘डाग पडलाय, आर्निका घ्या,’ असं पार्लरमधून सांगितल्यामुळे दोन दिवस उशिरा आलेली मुलगी मी पाहिली आहे. तिच्या ओठावरचा व्रण अजून आहे.

१८. बाळाला अंगावर पाजते आहे, आर्निका चालेल?

वाढीव पोटन्सीच्या गोळ्यांनी बाळाला काही होणार नाही. जेल छातीवर लावू नका, बाळाच्या तोंडात जाईल.

१९. पंधरा दिवसांवर भावाचं लग्न आहे. आर्निका घेतली तर नाक करून घेता येईल?

त्या हिशेबाने ऑपरेशन ठरवू नका. काळेपणा उतरला तरी नाकाची सूज महिनोन्‌महिने थोडी असते. फिलरसाठीही किमान दोन आठवडे हातात ठेवा, ऑपरेशनसाठी दोन महिने असतील तर बरं. हळदीला खुर्चीत बसून बघायला लागेल असं नाक आत्ता करून घेण्यापेक्षा लग्नात मनसोक्त नाचा.

२०. दोन महिने झाले, डोळ्यांखाली तपकिरी डाग तसाच आहे. आर्निकाची पोटन्सी वाढवू का?

आता तो काळेपणा राहिलेला नाही, म्हणून आर्निकाचा प्रश्नही राहिलेला नाही. दोन शक्यता असतात. रक्तातलं लोह कातडीत अडकून राहतं, त्याला हिमोसिडेरिन म्हणतात. किंवा सूज उतरल्यावर कातडीने जास्त रंगद्रव्य बनवलेलं असतं, आपल्या कातडीत हे जास्त होतं. दोन्ही बहुधा हळूहळू फिके होतात आणि दोन्ही उन्हाने पक्के होतात. म्हणून टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन, घरापासून भाजीवाल्यापर्यंत जायचं असलं तरी. दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी, मेकअप न करता फोटो काढा. सहाव्या महिन्यातही फरक दिसला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि जाताना ते सगळे फोटो सोबत न्या.